पिशवी ओता, नाना!

आमच्या हार्टच्या दवाखान्यात जिन्याखाली, पाण्याच्या कूलरशेजारी माझं टेबल आहे. पेशंट समोर बसला की माझं पहिलं वाक्य ठरलेलं, "पिशवी ओता." घरात जेवढ्या गोळ्या असतील तेवढ्या सगळ्या पिशवीत घालून आणायच्या, हा आमचा नियम. पिशवी ओतली की पाच-पन्नास गोळ्या पडतात आणि त्यांच्याबरोबर एखादा किस्सा हमखास पडतो. गोळ्या मी निवडून परत देते. किस्से माझ्याकडेच राहतात! सहा वर्षांत ते इतके साठलेत की मैत्रिणी "एक सांग ना" म्हणाल्या की मी सुरू होते, आणि मग चहा गार होतो.

तर चहा आधी पिऊन घ्या.

*

मी क्लिनिकल फार्मासिस्ट. हे ऐकून जळगावात कोणाच्याही चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. डॉक्टर गोळ्या लिहितात, मेडिकलवाला देतो, आणि घरी पोचल्यावर त्या गोळ्यांचं नेमकं काय होतं ते मी बघते. एक गोळी दुसरीशी भांडते का, डोस जास्त होतोय का, आणि मुळात माणूस ती खातोय का! माझी धुळ्याची मावशी दर दिवाळीला विचारते, "सहा वर्षं शिकलीस, मग मेडिकल कधी टाकतेस?" पहिली दोन वर्षं मी समजावून सांगितलं. आता सांगते, "जागा बघतेय." मावशी खूश, मी मोकळी.

आमचे सर म्हणजे हार्टचे डॉक्टर. दवाखाना त्यांचा आणि दवाखान्यातला आवाजही त्यांचाच. माझी ओळख करून देताना ते अर्ध्या वाक्यात आटपतात, "या मॅडम गोळ्या बघतील." एवढ्यावर कोणाचंच समाधान होत नाही. नानांचं तर अजिबातच झालं नाही.

नाना रावेरकडचे. वय चौऱ्याहत्तर, केळीचे जुने बागाईतदार, पांढरं धोतर, पांढरी टोपी. बोलायला लागले की वॉर्डातले बाकीचे पेशंट आपलं दुखणं विसरून ऐकत बसायचे. पण नानांचं हृदय थकलं होतं. पंपात जोर उरला नाही की पाणी आधी पायांत साठतं, मग छातीत चढतं आणि माणसाला आडवं झोपता येत नाही. चार महिन्यांत दोनदा असं झालं होतं, दोन्ही वेळा त्यांना मरणाच्या दारातून ओढून आणलं होतं. डिस्चार्जच्या दिवशी सर मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "मॅडम, तिसऱ्यांदा असे आले तर मी शब्द देऊ शकत नाही. यांच्या गोळ्यांवर नजर ठेवा."

मग त्यांनी नानांना माझ्या टेबलापाशी आणलं. "नाना, मी गोळ्या लिहितो. त्या गोळ्यांचं तुमच्या घरी काय होतं ते या मॅडम शोधून काढतात."

नानांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मंग पोलीसपाटील म्हना ना सरळ!"

शेजारी त्यांच्या बायको उभ्या होत्या, अक्का. तोंडाला पदर लावून खुदकन हसल्या. अक्का कायम नानांसोबत यायच्या. काटक बाई, सत्तरीतही ताठ. कोणी काही विचारायच्या आत सांगून टाकायच्या, "मले काहीच नई हाये बरं! दुखनं याहीचं हाये."

त्या दिवसापासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत सगळे मला पोलीसपाटील म्हणतात.

*

नानांचा पहिला रक्ताचा रिपोर्ट आला आणि पोटॅशियम वर! त्यांच्या गोळ्यांपैकी एक गोळी अंगातलं पोटॅशियम बाहेर जाऊ देत नाही. त्यात वरून आणखी भर पडली की हृदयाचे ठोके चुकायला लागतात. आणि पोटॅशियम भरपूर कशात असतं? केळ्यात! आणि पेशंट कुठला? रावेरचा!

"नाना, दिवसाला केळी किती खाता?"

"खातो कुठी? बागेत गेलो की पिकलेलं एखांदं तोडतो."

"एखादं म्हणजे किती?"

"एखांदं म्हंजे एखांदं."

"सात-आठ," अक्का म्हणाल्या.

नानांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू बायको फितूर झाली. मी लिहून घेतलं, आठ. तेवढ्यात अक्कांना आणखी आठवलं, "अन् रातच्याले शिकरन."

"शिकरणात किती केळी?"

"ओ मॅडम," नाना भडकले, "ते शिकरन हाये! शिकरन काय केयं असते का?"

सरांनी आतून ओरडून निकाल दिला, "केळी बंद!" नाना खुर्चीतून उठलेच. "रावेरात राहून केयी बंद? मंग मले तालुका बदलून द्या!"

शेवटी आठवड्याला एक यावर तडजोड झाली. पुढच्या खेपेला नाना आले ते पोराच्या टेम्पोतून, केळीचे चार अख्खे घड घेऊन. ते त्यांनी ओपीडीच्या मध्यभागी उतरवले आणि जाहीर केलं, "मले बंद हाये. तुम्हाले नई ना!" आठवडाभर आमच्याकडे ईसीजीच्या खोलीत केळी पिकत होती. काढलेल्या प्रत्येक ईसीजीला पिकलेल्या केळ्याचा वास!

*

मधल्या काळात धुळ्याच्या अलीकडच्या एका गावचे भाऊ आले. वर्षापूर्वी स्टेंट बसवलेला. तक्रार एकच, छातीत सतत धडधड. मी म्हटलं, पिशवी ओता. त्यांनी पिशवीतून बरणी काढली. लोणच्याची असते तशी, झाकणासकट. आत सगळ्या गोळ्या स्ट्रिपमधून सोलून एकत्र भरलेल्या!

"भाऊ, हे काय?"

"स्ट्रिपा जागा भलती खातस मॅडम."

"मग सकाळी कोणती घ्यायची ते कसं कळतं?"

"दोन पांढऱ्या, एक गुलाबी. आपलं पाठ शे."

बरणीत पांढऱ्या गोळ्या पाच प्रकारच्या होत्या. मी विचारलं, "त्यातल्या कोणत्या दोन?"

"हातमा ज्या येतीन त्या! पोटमा जाईसनी बठ्ठ्या एकच व्हतस ना!"

मी आणि आमच्या कुसुम सिस्टर, दोघींनी ती बरणी परातीत ओतून तांदूळ निवडावे तशा गोळ्या निवडल्या. पाच पांढऱ्यांपैकी एक भाऊंची नव्हतीच. ती त्यांच्या बायकोची थायरॉइडची होती! तीन महिने बायकोची थायरॉइडची गोळी अधूनमधून नवऱ्याच्या पोटात जात होती, मग धडधड होणार नाही तर काय! मी जरा घाबरतच बायकोला हे सांगितलं. ती बाई माझ्याच हाताला धरून म्हणाली, "मॅडम, तेवढी एक चालूच ऱ्हाऊ द्या. पंधरा वरीसमा पहिल्यांदा हाऊ माणूस मना आगोदर उठी ऱ्हायना!"

*

तिकडे नानांचं काही खरं नव्हतं. केळी सुटली, पोटॅशियम उतरलं, पण पायांची सूज हटेना. बीपी खाली येईना, नाडी पळतच होती. दर पंधरा दिवसांनी नाना वजनकाट्यावर चढले की काटा किलोभर पुढे. सर म्हणाले, "डोस कमी पडतोय." डोस वाढवला. पुन्हा तेच. पुन्हा वाढवला.

मला ते पटत नव्हतं. पहिला डोसच त्यांच्या वयाला आणि वजनाला अगदी बरोबर होता. म्हणजे नाना गोळ्या चुकवत असणार! मी स्ट्रिपा मोजल्या. एक गोळी इकडची तिकडे नाही. पंधरा दिवसांच्या गोळ्या पंधरा दिवसांत संपलेल्या. मग मिठाचा संशय आला. आपल्याकडे पापड, लोणचं, ठेचा यांच्याशिवाय घास उतरत नाही. अक्कांनी मुक्ताईची शपथ घेतली, "नानाचं ताट मी वाढते. ठेचा मी सोता खाते, त्याहीले दाखवत बी नई." गोळ्याच बनावट नाहीत ना म्हणून मी त्यांच्या गावच्या मेडिकलवाल्याला फोन करून गोळ्यांचे बॅच नंबर विचारले. तोही वैतागला, "मॅडम, तुम्ही फार्मासिस्ट आहात का इन्स्पेक्टर?"

नानांना एका दमात गेटपासून टेबलापर्यंत चालता यायचं नाही, मध्ये दोनदा थांबायचे. थांबले की थांबलोय हे कळू नये म्हणून भिंतीवरच्या तक्त्यातलं हृदयाचं चित्र बघत उभे राहायचे. मला भीती वाटत होती, हे सांगायला मला लाज नाही. बाकी पेशंटची मी चेष्टा करते, तशी नानांचीही करायचे. पण ते गेले की मी त्यांची फाइल पुन्हा उघडून बसायचे आणि मला काही सापडायचं नाही.

*

चाळीसगावचे एक रिटायर्ड मास्तर आमचे पेशंट. शिस्तीचा माणूस. छातीत कळ आली तर जिभेखाली ठेवायची गोळी त्यांना दिलेली. मी विचारलं, "मास्तर, ती गोळी कुठे ठेवता?"

"एकदम सुरक्षित. लोखंडी कपाटात, दागिन्यांच्या डब्यात."

"आणि कपाटाची किल्ली?"

"हिच्या कमरेला."

"मागच्या सोमवारी कळ आली तेव्हा घेतलीत का?"

"नाही. ही मुक्ताईनगरला दर्शनाला गेली होती. संध्याकाळपर्यंत थांबलो."

संध्याकाळपर्यंत! मी त्यांना चांगली दहा मिनिटं झापलं. चाळीस वर्षं पोरांना झापलेला माणूस मान खाली घालून ऐकत होता. गोळी कायम अंगावरच्या शर्टाच्या खिशात ठेवायची, असं मी त्यांच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

महिन्याने आले. मी विचारलं, "गोळी?"

"खिशात. तुम्ही सांगितलंत तशी."

"दाखवा."

त्यांनी खिशात हात घातला, तसाच ठेवला आणि कबूल केलं, "शर्ट दोनदा धुतला गेलाय."

"मग आता काय म्हणायचं मास्तर?"

"माझं सांगता येत नाही मॅडम. शर्टाचं हृदय मात्र एकदम ठणठणीत आहे!"

*

महिन्यातून एकदा आमचा कॅम्प धुळ्याला असतो. श्रावणातल्या कॅम्पला एका आजीचं बीपी आभाळाला टेकलेलं. पिशवी ओतली, निम्म्या गोळ्या शिल्लक. मी विचारलं तर म्हणाल्या, सोमवारचा उपास, शनिवारचा उपास, चतुर्थी, एकादशी. उपासाला गोळी कशी चालेल?

"चालते आजी."

"कोन सांगनं?"

"मी सांगते ना."

"तू कोन शे?"

"फार्मासिस्ट."

आजींनी विचार केला. "मंग गुरुजीले इचारानं पडी."

योगायोगाने रांगेत त्यांच्याच गल्लीतले, पूजा सांगणारे गुरुजी बसले होते. तेही आमचेच पेशंट. मी मोठ्या उत्साहाने त्यांना पुढे बोलावलं. म्हटलं, आता शास्त्राधार मिळाला की एका आजीचं काय, सबंध गल्लीचं बीपी मार्गी लागेल! "गुरुजी, उपासाला गोळी घेतली तर उपास मोडतो का हो? सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा."

गुरुजींनी घसा साफ केला. "छे! औषधाने उपास मोडत नाही. खुशाल घ्यावी."

आजीचा चेहरा उजळला. मी विजयी मुद्रेने गुरुजींना म्हटलं, "आता आलाच आहात तर तुमचीही पिशवी ओता."

गुरुजींनी प्रत्येक गोळीवर वार-तिथी लिहिलेल्या स्ट्रिपमध्ये सोमवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी, सगळ्या गोळ्या जागच्या जागी!

"गुरुजी!"

"लोकांचं वेगळं असतं मॅडम," गुरुजी हळूच म्हणाले, "आमच्याकडे जरा कडक आहे."

*

पेशंटचंच काय घेऊन बसलात! एकदा कुसुम सिस्टर धावत आल्या. "सरांचं डोकं दुखतंय, बीपी बघा म्हणाले. मी बघितलं. एकशे ऐंशी!"

मी आत गेले. सर म्हणाले, "मशीन बिघडलंय."

दुसरं मशीन आणलं. एकशे ब्याऐंशी.

"आत्ताच जिना चढून आलो."

"सर, तुम्ही तासभर खुर्चीतच आहात."

"जळगावचं ऊन आहे ना, त्याने होतं."

मी टेबलापाशी उभी राहिले आणि म्हटलं, "सर, पिशवी ओता."

सरांनी कुसुम सिस्टरांकडे पाहिलं. कुसुम सिस्टर छताकडे बघत होत्या. शेवटी सरांनी ड्रॉवर ओढला. आत सॅम्पलच्या गोळ्यांचा ढीग. बीपीची कोणती चालू आहे विचारलं तर म्हणाले, "जी वर असेल ती." बरणीवाल्या भाऊंचा मला त्या दिवशी फार आदर वाटला. निदान त्यांना रंग तरी पाठ होते!

मी सरांच्या नावाची रीतसर फाइल केली. दर सोमवारी ते माझ्या टेबलावर येऊन स्ट्रिप दाखवतात. दोनदा विसरले तेव्हा मी त्यांना वेटिंगमध्ये बसवलं.

*

आणि मग नानांना बरं वाटायला लागलं! तिसऱ्यांदा डोस वाढवल्यावर सूज उतरली, नाडी शांत झाली, काटा दोन किलो मागे आला. नाना न थांबता गेटपासून टेबलापर्यंत आले आणि टोपी काढून मला दाखवली, बघा म्हणून. सर खुशीत होते. "बघा मॅडम, मी म्हणत होतो ना, डोस कमी पडत होता."

मी तोंड उघडणार, एवढ्यात मागे धप्पकन आवाज झाला. अक्का पडल्या होत्या!

कुसुम सिस्टरांनी त्यांना उचलून कॉटवर घेतलं. बीपी ऐंशी. नाडीचे ठोके मिनिटाला चव्वेचाळीस. नानांचा चेहरा पांढराफटक. सर ईसीजी बघत विचारत होते, "अक्कांना कोणत्या गोळ्या चालू आहेत?"

"काहीच नई," नाना म्हणाले.

"बीपीची? शुगरची?"

"तिले आजवर साधी डोकेदुखीची गोई लागली नई हो."

पण तो ईसीजी काहीतरी वेगळंच सांगत होता. नाडी अशी हळू पडते ती एका ठरावीक गोळीने. आणि ती गोळी त्या खोलीत फक्त नानांच्या पिशवीत होती. पण नानांच्या स्ट्रिपा तर मी मोजल्या होत्या!

अक्कांना सलाइन लागलं. तासाभराने डोळे उघडून त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती नाना जेवले का. नानांनी तिथेच कॉटशेजारी डबा उघडला. भाकरी काढली, वांग्याची भाजी काढली. मग दुपारची गोळी हातात घेतली. नखाने मधोमध बरोबर मोडली, एक तुकडा स्वतःच्या भाकरीवर ठेवला आणि दुसरा अक्कांच्या.

"नाना!" मी इतक्या जोरात ओरडले की बाहेरचा वॉचमन आत आला. "हे काय करताय?"

"काय झालं? दुपारची गोई हाये ना."

"ती तुमची आहे! अक्कांना का देताय?"

नानांना माझा प्रश्नच कळला नाही. त्यांनी एकदा अक्कांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "मॅडम, पन्नास वर्षं झाली लग्नाले. चाहा घेतला त अर्धा तिचा. बागेतलं पहिलं केयं निंघालं त अर्धं तिचं. एकट्यानं कधी काही तोंडात टाकलं नई. अन् तुमी एवढ्या भारी गोया देल्या, एकेक नाव असं की जीभ वळत नई. चांगल्याच असतील ना त्या? मंग मी एकटाच कसा खाऊ?"

"सगळ्या? अगदी पहिल्यापासून?"

"बठ्ठ्या. तिनं कधी नई म्हटलं नई."

सर आत आले होते. त्यांनी कसंबसं विचारलं, "आणि मी डोस वाढवला तेव्हा?"

"मंग तिचाही वाढला ना!"

मी फार रागावले. अक्का मेल्या असत्या, हे मी तोंडावर सांगितलं. अक्कांच्या भाकरीवरची अर्धी गोळी उचलून नानांनी हातातच धरून ठेवली आणि अक्कांच्या पायांशी बसून राहिले. मी बाहेर येऊन कूलरचं दोन ग्लास पाणी प्यायले.

*

दोन दिवसांत अक्का टुणटुणीत झाल्या. सरांनी नानांचा डोस निम्मा केला, कारण आता अख्खी गोळी एकाच्या पोटात जाणार होती. म्हणजे मी बरोबर म्हणत होते त्या पहिल्याच डोसवर आम्ही फिरून आलो. सर त्यावर काही म्हणाले नाहीत, मीही म्हटलं नाही. म्हणजे फक्त दोनदाच म्हटलं.

पण खरा घोळ पुढेच होता. आठ दिवसांनी अक्कांचा फोन आला, "मॅडम, हे गोईच खाईना!" नाना म्हणे गोळी हातात घेतात, अक्कांकडे बघतात आणि खाली ठेवतात. तीन दिवस एकही गोळी घेतलेली नाही. पायांवर पुन्हा सूज. मला सरांचं ते तिसऱ्या वेळेचं बोलणं आठवलं. मी फोनवर नानांना समजावलं, दटावलं, विनवलं. नाना एकच म्हणाले, "समजते मॅडम. पन घशाखाली उतरत नई."

मी सरांकडे गेले. सर बराच वेळ पेन फिरवत बसले. मग अक्कांची तपासणी केली, रक्त बघितलं आणि त्यांच्या नावाने एक चिठ्ठी लिहिली. कॅल्शियम. त्यांच्या वयाला चालण्यासारखं, चांगलं मोठं, जाडजूड.

दोघांना माझ्या टेबलासमोर बसवून मी सांगितलं, "नाना, ही अक्कांची गोळी. ही तुमची. दोघांनी एकाच वेळी, सोबत घ्यायची. पण आपापली. कबूल?"

"तिची सोताची?" नानांनी ती कॅल्शियमची स्ट्रिप उलटसुलट करून पाहिली. "तिच्याच नावाची?"

"तिच्याच नावाची."

"मंग ठीक हाये."

दीड महिन्याने दोघं तपासणीला आले. सूज नाही, छाती स्वच्छ, काटा जागेवर. सगळं ठीक होतं, पण माझा जीव काही थाऱ्यावर नव्हता. स्ट्रिपा मोजून मला एकदा चांगला गंडा बसला होता. म्हणून मी काही विचारलं नाही. जेवायच्या वेळेला ते दोघं आवारातल्या निंबाखाली डबा घेऊन बसले, तेव्हा मी सरांच्या केबिनच्या खिडकीत जाऊन उभी राहिले.

"काय बघताय?" सर म्हणाले.

"गोळी."

सरही पेशंटला बसवून खिडकीशी आले.

नानांनी भाकरी संपवली. हात धुतले. स्ट्रिपमधून गोळी काढली. तळहातावर ठेवली, तिच्याकडे पाहिलं, अक्कांकडे पाहिलं. माझा श्वास अडकला होता. सरांचाही, कारण एरवी ते पाव मिनिटसुद्धा गप्प राहत नाहीत. नानांनी डोळे मिटले, गोळी अख्खी तोंडात टाकली आणि वर तांब्याभर पाणी प्यायले. अख्खी! मी सरांचा हात धरून हलवला.

मग अक्कांनी त्यांची गोळी काढली. ती जाडजूड कॅल्शियमची. कमरेची पानसुपारीची चंची सोडली, त्यातून अडकित्ता काढला, गोळी त्यात मधोमध धरली आणि कट्कन तोडली. अर्धी स्वतःच्या तोंडात टाकली. अर्धी नानांच्या पुढे धरली.

नानांनी मान वळवून आधी ओपीडीच्या दाराकडे बघितलं. तिथे पोलीसपाटील नाही याची खात्री केली. मग गोळी घेतली आणि गिळून टाकली.

सर माझ्याकडे वळले.

"मॅडम, कॅल्शियमच आहे ना ते?"

"हो सर."

"नक्की?"

"नक्की."

"मग खिडकी लावून घ्या. ऊन आत येतंय."